‘जरा बघून घे’ म्हणजे नक्की काय बघायचं?

शांतपाणी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहूनच टाकते. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत खरेदी विभागात आहे, सहा वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी नवीन मॅडम आल्या. माणूस म्हणून फार चांगल्या. आवाज चढवत नाहीत, दुसऱ्याचं श्रेय लाटत नाहीत. अडचण एकच आहे, काम सांगतात ते अर्ध्या वाक्यात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. निघायची वेळ झाली होती, बॅग खांद्याला लावली होती. तेवढ्यात मॅडम टेबलापाशी आल्या, “त्या पॅकिंगवाल्यांच्या विषयात जरा मदत लागेल गं. बघशील ना?” मी हो म्हटलं. दोन दिवस बसून १४ पुरवठादारांचे तीन वर्षांचे दर काढले, तक्ता केला, कुणाचा माल किती वेळा उशिरा आला तेही त्यात टाकलं. मॅडमनी तक्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. “छान केलंयस गं. पण मला फक्त त्या एकाला फोन करून माल कधी सुटतोय ते विचारायला हवं होतं.”

तो फोन दोन दिवस कुणीच केला नव्हता. माल अडकला तो अडकलाच, आणि माझा तक्ता अजून तसाच ड्रॉवरमध्ये पडून आहे.

आता परवा नवीन आलंय: “पुढच्या गुरुवारच्या प्रेझेंटेशनला जरा हातभार लाव.” मी पुन्हा हो म्हणून बसले आहे. हातभार म्हणजे काय? स्लाइड करायच्या, आकडे द्यायचे, की नुसतं तपासून द्यायचं? विचारलं तर ‘सहा वर्षं काढली आणि एवढं कळत नाही?’ असं त्यांना वाटेल का? तुम्ही अशा वेळी काय करता?

खडूफळा

तिथल्या तिथे विचारायचं. “म्हणजे नक्की काय करू?” चारच शब्द आहेत. दोन दिवस वाया जाण्यापेक्षा दोन मिनिटांचा संकोच परवडला.

जुनीपेटी

खडूफळा यांच्याशी अर्धा सहमत. विचारायला हवंच, पण “नक्की काय करू?” याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही, कारण ते समोरच्यालाही ठाऊक नसतं. मी २२ वर्षांत सात साहेबांच्या हाताखाली काम केलं. एक अपवाद सोडला तर कुणीही मुद्दाम मोघम बोलत नव्हतं. डोक्यात काहीतरी खुपत असतं, त्याला अजून आकार आलेला नसतो, आणि जाता जाता जो विश्वासाचा माणूस दिसेल त्याच्यापाशी ते बोललं जातं. अशा वेळी आपण ‘नक्की काय’ विचारतो, म्हणजे जो विचार त्यांचा अजून झालेला नाही तोच त्यांच्याकडे मागतो. मग ते वैतागतात, किंवा ‘तुझं तू बघ’ म्हणून मोकळे होतात.

माझा उपाय सांगतो. कोरं पान घेऊन जायचं नाही, चुकीचं पान घेऊन जायचं. वीस मिनिटांत अर्धं पान लिहायचं, तेही हाताने. टाइप केलेलं पान पूर्ण झाल्यासारखं वाटतं, त्यावर कुणी रेघ मारत नाही. आमचे एक साहेब आठवडाभर मला ‘अहवालाचं बघ रे’ एवढंच म्हणत होते. शेवटी असं पान पुढे ठेवलं, “सर, मला वाटतं तुम्हाला एवढं हवंय.” त्यांनी खिशातून शिसपेन्सिल काढली, पहिले तीन मुद्दे एका रेघेत उडवले, चौथ्याला गोल केला आणि समासात लिहिलं, ‘हेच, पण शाखांप्रमाणे’. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आठवडाभर जे त्यांच्या तोंडून निघालं नाही ते चूक समोर दिसल्याबरोबर निघालं.

तिसरा_मजला

हा प्रतिसाद छापून टेबलावर लावतोय.

निर्मळ_शंका

जुनीपेटी, पण हे प्रत्येक कामाला कसं जमणार? माझ्याकडे दिवसाला अशी आठ-दहा ‘बघून घे’ येतात. प्रत्येकाला अर्धं पान म्हटलं तर दिवस त्यातच जाईल.

जुनीपेटी

अर्धं पान फक्त मोठ्या कामाला. ज्यात अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ जाणार असेल तेवढ्यालाच. बाकीच्यांना तोंडी दोन पर्याय द्यायचे. “सर, आकडे तपासून देऊ, की आहेत तसे पुढे पाठवू?” ‘हे की ते’ विचारलं की चालता चालताही उत्तर मिळतं.

बुरुजावरून

इतिहास हा माझा छंद, त्यामुळे धागा वाचताना बालाक्लावाची लढाई आठवली. क्रिमियन युद्ध, २५ ऑक्टोबर १८५४. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभा होता. तिथून त्याला दिसत होतं की रशियनांनी चढावरचे मोर्चे घेतलेत आणि आता तिथल्या तोफा ते ओढून नेणार. त्याने घोडदळाला चिठ्ठी पाठवली, त्वरेने पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. कुठल्या तोफा, ते चिठ्ठीत नाही. त्याला लिहायची गरजच वाटली नसणार, डोळ्यांसमोर तर होत्या.

घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकन मात्र खाली दरीत. मधल्या चढामुळे त्याला त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याने चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारलं, कुठल्या तोफा? नोलनने दरीच्या दिशेने हात फेकला, तो बघा शत्रू, त्या बघा तोफा. दरीच्या पार टोकाला रशियन तोफा खरंच होत्या, पण त्या वेगळ्या. सुमारे ६७० घोडेस्वार तीन बाजूंनी मारा होत असलेल्या त्या दरीत शिरले. शंभराहून जास्त मेले, जखमी त्याहून जास्त. नोलन तर सुरुवातीलाच पडला.

म्हणून खडूफळा, नुसतं विचारून भागत नाही. लुकनने विचारलं होतं! पण चिठ्ठी आणणाऱ्याला विचारलं, लिहिणाऱ्याला नाही. आणि एकदा विचारून थांबला. मी हे वाचल्यापासून साहेबांना ‘काय करू’ असं विचारायचं सोडलं. “सर, हा विषय आत्ता कुठून निघाला?” असं विचारतो. म्हणजे ते ज्या उंचीवर उभे आहेत तिथून काय दिसतंय ते मला कळतं. एकदा ते कळलं की काय करायचं ते आपल्याला सुचतंच.

पानगळ

आपलं ‘ध चा मा’ म्हणजे हेच ना?

बुरुजावरून

नाही, ती गोष्ट निराळी. १७७३ सालच्या नारायणरावांच्या खुनाबद्दल सांगतात की पत्रात ‘धरावे’ होतं, त्याचं ‘मारावे’ केलं गेलं. आख्यायिका खरी धरली तर तिथे मूळ हुकूम अगदी स्पष्ट होता, तो वाटेत बदलला गेला. इथे कुणी काही बदलत नाही. हुकूमच असा असतो की वाचणारा आपल्याला हवं ते अक्षर वाचतो. शांतपाणींनी ‘पॅकिंगवाले’ ऐकलं आणि १४ जण वाचले, मॅडमच्या मनात एकच होता.

पानगळ

पटलं. जुनं निघालंच आहे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राची आठवण देते. दुसऱ्या अधिकरणात राजाची शासनपत्रं कशी लिहावीत यावर आख्खा अध्याय आहे. लेखाचे सहा गुण सांगितलेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य, स्पष्टत्व. त्यातली परिपूर्णता म्हणजे अर्थ, पद, अक्षर काही कमी नको आणि जास्तही नको. राजाच्या तोंडून निघालेलं जसंच्या तसं पाठवायचं नाही, लेखकाने ते आधी नीट ऐकून, समजून मग लिहायचं. म्हणजे मोघम हुकमाला आकार देणं ही कामाची एक वेगळी पायरी आहे हे तेव्हाही माहीत होतं. आपल्या ऑफिसांमध्ये ही पायरी कुणाची, हे मात्र कुणी सांगत नाही. ती हाताखालच्यानेच करायची असते आणि त्याला वेळही मिळत नाही.

दुसरी_बाजू

मी ११ जणांची टीम बघते, म्हणजे या धाग्यात ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्यातली. आमच्या बाजूने प्रामाणिकपणे लिहिते.

बऱ्याचदा मला वरूनच तसं आलेलं असतं. ‘त्या तक्रारींचं काहीतरी करा.’ मी मीटिंगमधून बाहेर पडते, पुढची मीटिंग पाच मिनिटांवर असते, आणि वाटेत जो दिसेल त्याच्या हातात तेच वाक्य ठेवते. त्याच्यावर विचार करायचं माझं काम मी केलेलं नसतं. हे चूक आहे, मला मान्य आहे.

पण बाकीच्या वेळी मला खरोखरच वाटत असतं की मी सगळं सांगितलंय. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. ‘पॅकिंगवाल्यांचं बघ’ म्हणताना शांतपाणींच्या मॅडमच्या डोक्यात तो एक पुरवठादार, तो अडकलेला माल, सकाळी आलेला फोन, सगळं वाजत असणार.

शेवटचं लिहायला थोडं जड जातंय. कधी कधी मागे भीती असते. मागच्या वर्षी एका ग्राहकाचं तक्रारीचं पत्र आलं. मी टीममधल्या एका मुलाला म्हटलं, “हे जरा सांभाळून घे.” त्याने पत्र वाचलं आणि मला विचारलं, “मॅडम, यात काय बिघडेल असं तुम्हाला वाटतंय?” मी गप्पच झाले. मग जे बोलले ते बोलेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. ग्राहक जाईल याची मला काळजी नव्हती. ते पत्र माझ्या आधी माझ्या वरिष्ठांकडे पोचलंय का, याची होती. काम एकदम छोटं झालं: पत्र कुणाकुणाला गेलंय तेवढं बघायचं. त्याने दहा मिनिटांत बघून सांगितलं. तेव्हापासून तो मुलगा मला फार जवळचा वाटतो.

निर्मळ_शंका

वरच्या बाजूने कुणीतरी एवढं मोकळं लिहिलं, बरं वाटलं. ‘काय बिघडेल असं वाटतंय’ हा प्रश्न आजच वापरणार.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे ‘जरा बघून घ्या’चं रूप म्हणजे ‘सात नंबरवर जरा लक्ष ठेवा’. डॉक्टर राउंड संपवून निघताना म्हणतात. नवीन असताना मी ‘हो डॉक्टर’ म्हणायचे आणि रात्रभर त्या पलंगाभोवती फिरत राहायचे. सकाळी पाय दुखायचे, आणि तरी आपलं काही राहून गेलंय असं वाटायचं. आमच्या सीनियर सिस्टरनी शिकवलं: आकडा मागायचा. “डॉक्टर, वरचं बीपी ९० च्या खाली आलं तर फोन करू ना? लघवी तासाला मोजू की दोन तासांनी? आणि रात्री दोनला लागला तरी तुम्हालाच फोन करू?” तो शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय डॉक्टरना सोडायचं नाही, असं त्या बजावायच्या. रात्री दोनला फोन करायला हात थरथरतो. परवानगी आधी घेतलेली असली की नाही थरथरत.

मग जे ठरलं ते उलट म्हणून दाखवायचं. सांगणारा सांगतो, ऐकणारा परत म्हणतो, सांगणारा ‘बरोबर’ म्हणतो, तेव्हाच ते सांगून झालं. विमानवाल्यांकडेही हीच पद्धत. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाने उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच धाव घेतली होती. त्यातला सहवैमानिक रेडिओवर जे बोलला त्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणासाठी तयार आहोत’ असाही लागत होता आणि ‘आम्ही उड्डाण करतोय’ असाही. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा असं ठरलं, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

शांतपाणी, त्या संध्याकाळी तुम्ही एवढंच म्हणाला असता, “म्हणजे मी सगळ्यांचे दर काढून परवा देते, बरोबर?” तर मॅडम तिथेच म्हणाल्या असत्या, “अगं नाही, नुसता फोन कर.”

खडूफळा

हॉस्पिटल, विमान, युद्ध, सगळं ठीक आहे. पण ऑफिसात कुणाचा जीव जात नाही. इतकं गंभीर करायला नको.

रात्रपाळी

शांतपाणींचे दोन दिवस गेले ना. तेही त्यांच्या आयुष्यातलेच होते.

खडूफळा

हे मात्र खरं. मागे घेतो.

उलटतपासणी

इथे सगळे बॉसला फारच भाबडं समजताहेत. दुसरी_बाजू यांच्यासारखे असतीलही. पण ‘नरो वा कुंजरो वा’ पद्धतीने बोलणारेही असतात, आणि ते ठरवून तसं बोलतात. माझा अनुभव सांगतो. एक जुना ग्राहक नाराज होता. साहेब म्हणाले, “ते प्रकरण तू मिटवून टाक.” मी विचारलं, “म्हणजे सवलत देऊ?” ते हसले, “तुला कळतं रे सगळं.” मी सवलत दिली, ग्राहक खूश झाला. तिमाहीच्या शेवटी हिशेब निघाला तेव्हा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “मी सवलत द्या असं कधीच म्हटलं नव्हतं.” आणि खरंच म्हटलं नव्हतं. मला मेमो मिळाला. अजून तो दिवस आठवला की छातीत गोळा येतो.

तेव्हापासून तोंडी काही ठेवत नाही. टेबलावर आलो की पाच ओळींचा मेल टाकतो.

तिसरा_मजला

वाईट झालं हो. पण त्या मेलमुळे संबंध बिघडत नाहीत? माझ्या आधीच्या ऑफिसात एकाने असं सुरू केलं, तर साहेब म्हणायला लागले, “हा माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतोय.” त्याला नंतर कुणी काही सांगेचना.

उलटतपासणी

मेल कसा लिहिता त्यावर आहे. ‘आपल्या आदेशानुसार’ अशी सुरुवात केली तर तो कोर्टाचा कागद होतो. मी असा लिहितो: “सर, मघाच्या बोलण्यावरून मी असं समजलो की उद्या ग्राहकाला भेटून त्यांचं म्हणणं लिहून आणायचं, पैशांबद्दल काही कबूल करायचं नाही. असंच ना? दुपारी निघतोय, त्याआधी काही बदल असेल तर सांगा.” यात आरोप कुठेच नाही. आणि ‘दुपारी निघतोय’ फार महत्त्वाचं. उत्तर आलं नाही तरी माझं काम थांबत नाही.

दुसरी_बाजू

मला असा मेल आला तर हायसं वाटतं. माझी पाच मिनिटांची मीटिंगमधली घाई कुणीतरी निस्तरली असं वाटतं. ज्या साहेबाला अशा मेलचा राग येतो, त्याच्याबाबतीत मेल लिहिणं जास्तच गरजेचं आहे.

कोपऱ्यातली_खुर्ची

थोडं अवांतर, पण जवळचंच. “एक छोटंसं काम होतं” असं म्हणून खासगी काम देणारे बॉस. माझ्या एका सरांनी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी ‘थोडी मदत’ मागितली. थोडी म्हणजे तीन रविवार. पहिल्यांदा हो म्हटलं तेव्हा कामाचा आकार विचारला नाही, नंतर मध्येच सोडणं जमेना. नाही कसं म्हणायचं?

जुनीपेटी

सपाट ‘नाही’ म्हणायची गरज नाही. मापून हो म्हणायचं. “सर, शनिवारी एक तास बसू शकतो, तेवढ्यात जे होईल ते करू.” मोघम मागणीला मोजकं उत्तर दिलं की तिची हद्द आपण ठरवतो. आणि तो एक तास मनापासून द्यायचा.

निर्मळ_शंका

आणि ते “जमलं तर कर”? हा हुकूम समजायचा की सवड मिळाली तर? मी दोन्ही बाजूंनी फसले आहे. एकदा केलं नाही तर “सांगितलं होतं ना”, एकदा रात्री जागून केलं तर “अगं, घाई नव्हती”.

बुरुजावरून

यालाही इतिहास आहे. गेटिसबर्ग, अमेरिकन यादवी, १ जुलै १८६३. दक्षिणेकडच्या सैन्याचा सेनापती जनरल ली याने हाताखालच्या इवेलला कळवलं की व्यवहार्य वाटलं तर समोरची टेकडी घ्या. इवेलला व्यवहार्य वाटलं नाही, त्याने हल्ला केला नाही. रात्रीतून त्या टेकडीवर शत्रूचं बस्तान आणखी पक्कं झालं. लीचा आधीचा विश्वासू सेनानी जॅक्सन दोनच महिन्यांपूर्वी वारला होता. ली त्याच्याशी असंच सैल बोलायचा आणि त्याला ते पुरायचं. चूक कोणाची यावर अभ्यासक अजून भांडतात. मला यातून एवढंच दिसतं की ‘जमलं तर’चा अर्थ शब्दांत नसतो, त्या दोन माणसांत मुरलेला असतो. शांतपाणींच्या मॅडम चार महिन्यांपूर्वीच आल्यात. आधीच्या ऑफिसात त्यांचं अर्धं वाक्य पूर्ण करणारं कुणीतरी असेल.

निर्मळ_शंका, तुम्ही सरळ विचारा: “आज झालं नाही तर कुणाचं अडेल?” कुणाचंच अडणार नसेल तर उद्या.

कोपऱ्यातली_खुर्ची

आणखी एक विनंती, इथे जे बॉस असतील त्यांना. “एक मिनिट येतोस का?” एवढाच मेसेज टाकू नका हो. पुढे दोन शब्द जोडा, कशासाठी ते. केबिनपर्यंतच्या वीस पावलांत मी नोकरी गेलेली, हप्ते थकलेले, सगळं बघून घेतो. आत गेल्यावर विचारतात, “हा प्रिंटर कसा चालू करायचा?”

पानगळ

अगदी! आमच्या मॅडमना मी हे एकदा सांगून टाकलं. आता ‘ये, काही विशेष नाही’ असं लिहितात. चार शब्दांनी किती फरक पडतो.

दुसरी_बाजू

नोंद घेतली. मी रोज ‘येतेस का’ लिहिते. उद्यापासून पुढे कारण लिहीन.

खडूफळा

शांतपाणी कुठे गेल्या? गुरुवार जवळ आला. प्रेझेंटेशनचं काय ठरलं?

शांतपाणी

आले, आले. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. तुम्ही सगळ्यांनी एवढं वेळ काढून लिहिलंत, मला खरंच भरून आलं.

सोमवारी सकाळी जुनीपेटींनी सांगितलं तसं अर्धं पान हाताने लिहिलं. वर ‘प्रेझेंटेशन’, खाली तीन गोष्टी: नवीन स्लाइड, तिमाहीचे आकडे, भाषेची तपासणी. मॅडमपुढे ठेवलं. “मॅडम, यातलं तुम्हाला काय हवंय असं मला नक्की कळलं नाही.” त्यांनी पान उचललं, वाचलं, आणि काहीच खोडलं नाही. नुसतं हातात धरून बसल्या. पेन टेबलावर फिरवत होत्या. मला वाटलं, चुकलंच. मग दुसरी_बाजू यांचा प्रश्न आठवला आणि धीर करून विचारलं, “यात काय बिघडेल असं वाटतंय तुम्हाला?”

त्यांनी उठून दार लोटलं. म्हणाल्या, स्लाइड तयार आहेत. मागच्या प्रेझेंटेशनला कुणीतरी विचारलं की वाहतुकीचा खर्च दरात धरलाय की वेगळा आहे, आणि त्यांना उत्तर देता आलं नाही. आधी त्या विक्री विभागात होत्या, खरेदीतले हिशेब त्यांच्यासाठी नवे आहेत. “सगळ्यांसमोर मी नुसतीच उभी राहिले गं. तू सहा वर्षं हे बघतेयस. मला शेजारी बसून हे आकडे समजावून देशील का, असं विचारायचं होतं. ते ‘हातभार लाव’ असं निघालं.”

मला इतके दिवस वाटत होतं की विचारलं तर मी अडाणी दिसेन. त्यांनाही नेमकं तेच वाटत होतं.

सोमवारपासून रोज संध्याकाळी पाऊण तास बसतोय. १४ पुरवठादारांचा तो तक्ता ड्रॉवरमधून काढला. तोच घेऊन शिकवतेय. कुणाच्या दरात वाहतूक धरलेली आहे, कुणाची वेगळी, सगळं त्यात आहेच. काल त्यांनी मलाच उलट समजावून सांगितलं, रात्रपाळी यांच्या पद्धतीने. दोन ठिकाणी अडखळल्या, बाकी चोख.

रात्रपाळी

वा! गुरुवारी काय झालं ते नक्की कळवा.

जुनीपेटी

तो तक्ता उपयोगी पडला, हे वाचून फार आनंद झाला.

शांतपाणी

हो कळवते. उद्या अकराला आहे. ‘आगाऊ दिलेली रक्कम’ हा एक भाग अजून राहिलाय, मॅडम वाट बघताहेत. आत्ता मेसेज आला: ‘ये, शेवटच्या तक्त्यासाठी, वीस मिनिटं.’